काळा नऊ, लाल एक

टूवूंबा, १७ मे २०२०

तुझ्या आजोबाला पुरून बारा दिवस झाले आणि तुझ्या त्या सीडीपायी तुझा बाप अजून माझ्याशी धड बोलत नाही. चहा आणून ठेवतो तो कप आपटून. ऐंशी वर्षांच्या बाईसमोर कप आपटले जातात ते तुझ्यामुळे, हे आधी लिहून टाकते. मग बाकीचं.

रिकी, तिकडे कालगुर्लीला खाणीवर बरा असशील. माझा गुडघा होता तसाच आहे. फोन करत नाही कारण फोन लावला की तुझा बाप मार्सेलिन तो स्पीकरवर टाकतो आणि सगळं घर मध्ये मध्ये बोलतं. नन्सनी छडी मारून चौथीपर्यंत शिकवलं, ते अक्षर आता कामाला येतंय. तूही हाताने लिही. छापील पत्र पाठवलंस तर लाइटबिल समजून टेबलावर टाकीन.

झालं ते असं. दफनाला दहा माणसं, त्यावर एक नाही. आपल्या गावी नंदाखालला गेला असता तर दोनशे माणूस आणि पुढे बँड असता. ज्याने चाळीस वर्षं क्लॅरिनेट फुंकत दुसऱ्यांना कबरीपर्यंत पोचवलं, त्याच्यासाठी फुंकायला कुणी नाही. गायला बंदी, वाजवायला त्याहून बंदी. मयताचं काम बघणारी गोरी पोरगी म्हणाली, मशीनवर एक गाणं लावते, कुठलं ते सांगा. तुझा बाप फोनमध्ये शोधत बसला. शोधत कसला, रडणं दिसू नये म्हणून फोन धरला होता. मग मीच गराजमध्ये गेले, तुझ्या जुन्या युट गाडीतून एक सीडी काढली आणि तिच्या हातात दिली.

ती दहा सीडींची पेटी तुला ठाऊकच आहे. कॉलेजात, तुमच्या त्या युनीत, होतास तेव्हा तूच प्रत्येकीवर काळ्या मार्करने नंबर घातलास. दोन हजार सालापासूनच्या दहा वर्षांत अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या लोकांनी जे काय गायलं, त्यातलं तुझ्या आवडीने एक ते दहा. म्हाताऱ्याला तुझी यादी पटली नाही. त्याने त्याच सीडींवर लाल मार्करने आपले नंबर घातले. मला इंग्रजी येत नाही, आकडे येतात. मी लाल एक उचलली. खेचराच्या चित्राची. तुझा काळा नऊ.

पहिलंच गाणं लावलं. व्हायोलिन चांगलं होतं. मग तो माणूस गायला लागला आणि तुझ्या बापाचे कान लाल झाले. फादर आपल्या बुटांकडे बघत राहिले. तुझ्या आईने, सिंथियाने, मास्क डोळ्यांपर्यंत ओढला, हसत होती की रडत होती देव जाणे. शेजारचा शेतकरी म्हातारा तेवढा पायाने ठेका धरून होता. घरी आल्यावर मार्सेलिन मला म्हणाला, "आई, आजच्या दिवशी तरी सोडायचं होतंस." काय सोडायचं, ते सांगायला तयार नाही. तुझी आई म्हणते जाऊ द्या.

मी जाऊ देणार नाही. तो गाण्यात काय म्हणतो ते तू मला लिही. शब्द गाळायचा नाही.

आणि तो तुझ्यासाठीचा दफनाचा कागद. मयताच्या आधी त्या पोरीने दिला होता, तारीख, नातं, शिक्का सगळं आहे. सिंथियाने तिचं बोलणं मराठीत सांगितलं, बाहेरच्या राज्यातून नातवाला यायचं असेल तर अर्जाला हा जोडायचा, तो मागेल तेव्हा पाठवा. मी जपून खेचराच्या कव्हरात घातला. दुसऱ्याच दिवशी तुझा फोन आला की परवानगी मिळाली नाही. कागद आहे तिथेच आहे.

तुझी आजी,
नातालबाय

*

कालगुर्ली, ३ जून २०२०

प्रिय आजी,

माझ्या अक्षराला हसू नकोस. मीही चौथीपर्यंतच मराठी शिकलो आणि मग डॅडी आम्हाला इकडे घेऊन आले. म्हणजे मराठीत आपण दोघं सारखेच शिकलेले.

सॉरी आजी. फार वाईट वाटलं. अर्ज केला होता, पण हार्ड बॉर्डर आहे, म्हणजे राज्याची हद्द पूर्ण बंद, कुणालाच सोडत नाहीयेत. माइनवर सगळ्यांचं हेच चाललंय. एका दिवसात 'नाही' आलं. मी काय करू शकणार होतो.

गाणं साधंच आहे. एक माणूस नदी ओलांडून पलीकडे जातो. म्हणजे मरतो, असं समज. डॅडींना का लागलं माहीत नाही. त्यांना हे म्युझिकच आवडत नाही, ते त्याला ट्रॅक्टरवाल्यांची गाणी म्हणतात.

ती यादी मी खूप विचार करून केली होती. नंबर एक ज्या बँडची आहे, ते सख्खे भाऊ आहेत, बापाच्या शेडमध्ये अकरा दिवसांत रेकॉर्ड केलंय, मध्ये ट्रक गेला तर तो आवाजही ठेवलाय. आजोबांना मी हे सांगितलं तर म्हणाले, ट्रकच सुरात आहे.

इथे थंडी पडलीय. बारा तास शिफ्ट, मग झोप. कंटाळा येतो, पण नो वरीज. तब्येत सांभाळ.

तुझा रिकी

*

टूवूंबा, २१ जून २०२०

नदी असती तर फादर बुटांकडे कशाला बघतील? त्यांचं आयुष्य नद्या ओलांडून देण्यात गेलंय. मला खोटं लिहायला आठ आठवडे घे, पण जरा बरं लिही.

मार्सेलिनने सांगितलंय की युट कुणी चालवत नाही, बॅटरी बसेल, म्हणून दोन दिवसांनी एकदा पंधरा मिनिटं चालू ठेवायची. ते काम माझ्याकडे. मी गराजचं शटर वर करते, आत बसते, चावी फिरवते आणि एक सीडी लावते. घरात सीडी लावायला दुसरं काही राहिलंच नाही. पंधरा मिनिटांचा आता तास होतो. घरात तुझा बाप कॉम्प्युटरसमोर पंपांच्या कंपनीच्या मीटिंगा करतो आणि मला हळू चाला म्हणतो. त्यापेक्षा तुझे हे लोक बरे.

ऐक. काळा एक, पाण्याच्या टाकीचं चित्र. तीन गिटारवाले. पहिल्याचं संपायच्या आत दुसरा, दुसऱ्याचं संपायच्या आत तिसरा, आपल्या घरी जेवायला बसल्यासारखं. म्हाताऱ्याने लाल पाच दिलाय, तोही जास्त आहे. काळा दोन, ह्या माणसाला सर्दी झालीय आणि कुणी त्याला काढा दिलेला नाही. पण त्याच्यामागे कुणीतरी लांब सूर ओढतो, रिकाम्या घराचं दार हळू उघडावं तसा. ते वाद्य कुठलं ते लिही. काळा चार, दोरीवर वाळत घातलेले कपडे. ही बाई गात नाही, नवऱ्याला जाब विचारते. हिला माझ्याकडून एक नंबर.

तुझी आई हॉस्पिटलची रात्रपाळी करून सकाळी साडेसातला येते. गराजमध्येच कपडे बदलते, घरात काही शिरायला नको म्हणून. परवा मी युटमध्ये बसलेली बघून बाजूच्या सीटवर येऊन बसली. तोंडावर मास्कचे वळ. सर्दीवाल्याची पाच गाणी आम्ही ऐकली. मग म्हणाली, "बरं आहे हे. कुणी मला काही विचारत नाहीये." आता रोज बसते.

तुझ्या बापाचं सांगते. गाण्यावरून तुला शिव्या घालतो, आणि तू आला नाहीस म्हणून सरकारला. तुमच्या तिकडच्या आमदाराच्या ऑफिसला त्याने दोनदा लिहिलंय, माझ्या मुलाचा अर्ज कुठल्या नियमाने नाकारलात म्हणून. कागद टाइप करतो, मला वाचून दाखवतो, पुन्हा बदलतो. बाप गेल्याचं दुःख त्याने त्या पत्रव्यवहारात घातलंय. तुझ्या बाजूने भांडतोय, हे तुला ठाऊक असू दे.

गाण्याचं खरं लिही.

आजी

*

कालगुर्ली, ९ सप्टेंबर २०२०

प्रिय आजी,

उशीर झाला. दोन वेळा लिहायला घेतलं आणि ठेवून दिलं.

ते वाद्य म्हणजे पेडल स्टील. टेबलासारखी आडवी गिटार असते, बोटांनी छेडायची आणि खाली पायाने पेडल दाबायचं. तुझ्या नंदाखालच्या शिवणयंत्रासारखं. ते नीट वाजवणारी माणसं फार थोडी आहेत. पर्थला सहा तास ड्राइव्ह करून जायचो तेव्हा मी तोच अल्बम लावायचो, रस्ता सरळ आणि दोन्ही बाजूंना काही नाही, त्याला तेच बरोबर वाटतं.

आता गाणं. मी खोटं लिहिलं, सॉरी. त्यात एक माणूस बायकोला सांगतो की खेचर विकायला बाजारात चाललोय, परवा येतो. आणि येतच नाही. पुढच्या गावात एक बाई असते. मग तो तिथून बायकोला म्हणतो, माझं ताट वाढून ठेवू नकोस, मी दुसरीकडे जेवतो, दुसरीकडे पितो, दुसरीकडे झोपतो. शेवटी बाई त्याला हाकलते. तो घरी परत येतो तर दार उघडंच असतं, आणि बायको त्याला काही विचारत नाही. तो म्हणतो, तिने विचारलं असतं तर सोपं झालं असतं.

एवढंच. व्हायोलिन त्याच्यानंतर येतं.

आजोबांना मी हे सगळं मराठीत सांगितलं होतं. म्हणजे तेव्हा, युनीत असताना. आम्ही पिकनिक पॉइंटला युट लावून बसलो होतो. त्यांनी गाणं तीन वेळा लावायला लावलं. मी म्हटलं, आजोबा, हा अल्बम इतका काही ग्रेट नाही, बाकीची गाणी भरतीची आहेत, म्हणून मी नऊ दिलाय. ते म्हणाले, "तुला अजून कळायचं नाही. लाल मार्कर दे." आणि एक घातला. बाकीचे आकडे नंतर भरले.

का, ते मी विचारलं नाही.

रिकी

*

टूवूंबा, २७ सप्टेंबर २०२०

पन्नास वर्षं त्याला तोंड होतं. क्लॅरिनेट तोंडात नसे तेव्हाही होतं. आणि सांगितलं कधी, तर पेटीत पडल्यावर, तेही तुझ्या त्या खेचरवाल्याच्या तोंडून, दहा माणसांत.

एकाहत्तर साली तुझा आजोबा मिंगेल मला म्हणाला, पुण्याकडे दोन दिवसांचं लग्न आहे, वाजवून येतो. सात महिन्यांनी आला. क्लॅरिनेट नव्हतं, डोक्यात उवा होत्या. मी केस कापले, रॉकेल लावलं, भात वाढला. काही विचारलं नाही. मला वाटायचं, विचारलं नाही हा माझा मोठेपणा. त्या गाण्यातल्या बाईलाही तसंच वाटत असणार. महिनाभर मात्र त्याला गरम काही दिलं नाही, ते गाण्यात असेल असं वाटत नाही.

तुझा बाप तेव्हा चार वर्षांचा होता. रोज दाराशी बसायचा. आता कळलं मला तो कप का आपटत होता. त्याला वाटलं, मी मुद्दाम ते गाणं लावलं. बापाला मयतात सगळ्यांसमोर उघडं पाडलं. माझ्या पोराला मी इतकी हलकट वाटते.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी त्याला युटमध्ये बोलावलं. म्हटलं, मीटिंग राहू दे. सीडी दाखवली. हा तुझ्या पोराचा काळा नऊ, आणि हा तुझ्या बापाचा लाल एक. मला इंग्रजी येत नाही, मी आकडा बघून उचलली. त्याचा अर्थ मला आज कळला. तो आकड्याकडे बघत बसला. बापाचा एक तसाच असायचा, वरून वाकडा, क्लॅरिनेट ओठाला लावलेल्या माणसासारखा. मग म्हणाला, "म्हणजे त्याने स्वतःच लावलं." मी म्हटलं, लावलं म्हण. त्याने गाणं पूर्ण ऐकलं. त्यानंतर कप आपटत नाही.

माझा राग गेला का, तर नाही. ह्या वयात राग घालवून त्या जागी काय ठेवायचं? पण झोप बरी लागते.

सिंथियाच्या हॉस्पिटलमध्ये अजित म्हणून पुण्याचा डॉक्टर आहे. त्याची सासू गेली तेव्हा त्याच्या बायकोचा भाऊ पर्थहून आला होता. अजितने सांगितलं, अर्जाला मयताचा शिक्क्याचा कागद जोडावाच लागतो, त्याशिवाय तो फॉर्म पुढेच सरकत नाही.

तुझा कागद अजून खेचराच्या कव्हरात आहे. हवाय का?

आजी

*

कालगुर्ली, १४ मार्च २०२१

आजी,

साडेपाच महिने तुला लिहिलं नाही. ख्रिसमसला तू फोनवर आलीस, स्पीकर होता, आपण हवामानाचं बोललो. तू काही विचारलं नाहीस. मला वाटलं, विचार. मग त्या गाण्याची आठवण झाली.

मी अर्ज केला नव्हता.

फॉर्म उघडला होता. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. मृताशी नातं काय, असं विचारलं होतं, तेही लिहिलं. मग शिक्क्याचा कागद अपलोड करा आलं. मम्माला फोन करून मागायचा होता. मी स्क्रीनकडे बघत राहिलो आणि बंद केला. सुपरवायझर म्हणाला होता, जाशील तर परत कधी येशील सांगता येत नाही. पण ते कारण नाही. म्हणजे मी ते कारण स्वतःला सांगितलं.

आजोबा जायच्या आदल्या ख्रिसमसला मी येणार होतो. दशक संपत होतं. नवीन दहा वर्षांची यादी आजोबांबरोबर करायची असं ठरलं होतं. चाळीसेक अल्बम मी काढून ठेवले होते. मग इथे एकाने शिफ्ट बदलून मागितली आणि मी हो म्हटलं. काही कारण नव्हतं, फक्त इतका थकलो होतो की ड्राइव्ह आणि दोन फ्लाइट नको वाटल्या. फोनवर म्हटलं, ईस्टरला नक्की. मम्मा मागून म्हणाली, अरे, त्यांनी नवा लाल मार्कर आणून ठेवलाय. आजोबा म्हणाले, मार्कर कुठे जातोय. ईस्टरपर्यंत बॉर्डर बंद झाली आणि पुढच्या महिन्यात ते गेले.

ख्रिसमसला आलो नाही तो पेटीजवळ येऊन कसा उभा राहणार होतो. खरं सांगायचं तर बॉर्डर आहे म्हणून मला बरं वाटलं. हे मी कुणाला बोललो नाहीये.

तेव्हापासून कुठलाच अल्बम पूर्ण ऐकलेला नाही. दुसरं गाणं लागलं की बंद करतो.

डॅडींना सांगू नकोस. ते माझ्यासाठी भांडतायत.

रिकी

*

टूवूंबा, २८ मार्च २०२१

सांगू नकोस म्हणे. नवरा सांगत नव्हता, नातू सांगत नाही आणि मी दोघांची झाकणं धरून बसू. माझे हात दुखतात.

रिकी, आज झावळ्यांचा रविवार. चर्चला जाऊन आले, एक सीट सोडून बसवतात, गायला आता देतात पण मास्कमधून. तुझं पत्र शुक्रवारी आलं. दोनदा वाचलं. तुझं अक्षर सुधारलंय.

तुला सोडवायचं म्हणून लिहीत नाही. तू आला नाहीस ते वाईट केलंस. म्हाताऱ्याने वाट बघितली होती हेही खरं. रोज युटमध्ये जाऊन बसायचा, बॅटरी तेव्हा चांगली होती. पण तू अर्ज केला नाहीस हे मला तुझ्या पहिल्या पत्रातच कळलं होतं. कागद माझ्या हातात आणि अर्ज तिकडे गेला, हे कसं? मी विचारलं नाही, कारण सवय. त्या सवयीने माझी पन्नास वर्षं गेली. ती सवय आता बंद.

पुढचं नीट वाच. गेल्या मंगळवारी तिकडच्या आमदाराच्या ऑफिसचं पाकीट आलं, तुझ्या बापाच्या नावाने. पत्रपेटी मीच उघडते. जाड कागद बघून मी सिंथियाला युटमध्ये वाचायला लावलं. त्यांनी माफी मागून लिहिलंय की आम्ही सगळीकडे शोधलं, तुमच्या मुलाच्या नावाचा अर्ज कुठेच सापडत नाही, त्याचा नंबर असेल तर कळवा. सिंथियाने घडी केली. मी म्हटलं, तुला ठाऊक होतं? म्हणाली, "आई, मी नर्स आहे. असले कागद रोज देते लोकांना. तो मागेल म्हणून मी दफनापर्यंत फोन उशाशी ठेवला होता." म्हणजे घरात तिघांना ठाऊक, आणि चौथा एकटा सरकारशी भांडतोय.

पाकीट खेचराच्या कव्हरात आहे. एप्रिल संपेपर्यंत तिथे राहील. त्यानंतर मी ते त्याच्या चहाच्या कपाशेजारी ठेवणार. चार वर्षांचा असताना तो दाराशी बसायचा तेव्हा त्याला कुणी काही सांगितलं नाही. मीही नाही. आता त्रेपन्नाव्या वर्षी त्याला परक्याच्या पत्रातून कळलं तर तो पुन्हा तिथेच जाऊन बसेल, आणि मला खाली वाकून त्याला उठवता यायचं नाही. तुझं पत्र आधी आलं तर तो चिडेल, ओरडेल, आठ दिवस तुझं नाव घेणार नाही. ते चालेल. ते मी बघून घेते, कप जाड आणलेत.

शिक्क्याचा कागद ह्या पत्रात घातलाय. आता त्याचा काही उपयोग नाही, तुझा आहे म्हणून तुला. आजोबाच्या वर्षाची मिस्सा चर्चमध्ये पाच मे, सकाळी सात. बॉर्डर उघडी असेल नसेल, ती सारखी उघडते आणि मिटते, दवाखान्याच्या दारासारखी. ये म्हणत नाही. यायचं असेल तर ह्या वेळी फॉर्म भर.

लाल मार्कर कपाटात आहे. सुकेल म्हणून महिन्यातून एकदा टोपण काढून वर्तमानपत्रावर रेघ मारते. ते चाळीस अल्बम तुझ्याकडेच असतील. दोरीवरच्या कपड्यांवाली बाई पुढच्या दहा वर्षांत काही गायली असेल तर ते वर ठेव.

आणि ह्या पत्राला मला उत्तर लिहायचं नाही. मी फोडणार नाही, तसंच परत पाठवीन. उत्तर बापाला लिही. हाताने, मराठीत. पाकिटावर फक्त त्याचं नाव घाल, मार्सेलिन मिंगेल, पूर्ण. मला काही कळवण्यासारखं असेल तर तो कळवील.

नातालबाय